भिंतीवरचा पासवर्ड

भिसेगाव, कर्जत
३ जून २०२५

ती. स्व. पोशामामास,
वनिताचा सा. न. वि. वि.

इंटरनेट राहतं तरी कुठं, हे तू रविवारी ओटीवर विचारलंस आणि घरातली पहिली पदवीधर विचारत सुटली. मी कॉम्प्युटर शिकवते त्या क्लासातल्या सरांना विचारलं, तर ते नुसते हसले. मला कळतं तेवढं सांगते. दूर कुठंतरी मोठमोठे कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. साऱ्या गावाचं भात ठेवलेली एकच कणगी समज. आपण तिथं काही टाकलं की अपलोड, तिथून आपल्याकडे आणलं की डाउनलोड. मोबाइलमधून कणगीकडे उघडणारं दार म्हणजे ब्राउझर. आणि यातलं भात माझं, हे पटवायची खूण म्हणजे पासवर्ड. खूण ज्याच्याकडे, तोच मालक. कणगी चेहरा बघत नाही.

हे आज लिहायला कारण आहे. तुझ्या बुधीचा नर्सिंगचा अर्ज मी काल उघडला. तिनं अलिबागचं कॉलेज मागितलं होतं, तिथं वसतिगृह आहे म्हणून. आता अर्जात फक्त कर्जतचं कॉलेज दिसतं, अलिबागचं नावच नाही. मी बदललं नाही, बुधीनंही नाही. दहा तारखेला अर्ज बंद होतो. पासवर्ड कुणाच्या हाती गेला, वाडीत जरा विचारशील? तुमच्याकडे रेंज असती तर फोनच केला असता. विकासदादा वाडीकडे निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र देते.

करवंदं क्लासातल्या पोरींनी फस्त केली. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी भाची,
वनिता


वाडी, कोंडाणे
५ जून

चि. वनितास,
मामाचा आशीर्वाद.

इचारायला कुठं जाऊ? मीच बदललं. कुंभिवलीला गोदामात माल उतरवायला गेलो, तवा भिंतीवरचं तुझं अक्षर कागदावर उतरून नेलं. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसानं बोटं मारली, झालं.

चोरी केली असं समजू नको. आमच्या वाडीत कुणाच्या दाराला कुलूप नाय. शेजारच्या हिरूला कोयता लागला तर ती माझ्या घरातून नेते, मी नसलो तरी. बकरी कवा व्याली ते आमी भिंतीवर कोळशानं लिवतो, सगळी वाचतात. तू पण तिथंच लिवलंस ना गं? येवढी शिकलीस आनि कणगीची खूण ओटीवर काढून ठेवलीस!

पोर अलिबागला आजारी पडली तर कोन बघंल? कर्जतला असली की सांजच्याला घरात दिसंल. तिला इचारलं नाय. रडून माझं मन फिरवलं असतं तिनं. अर्ज हाय तसा ऱ्हाऊ दे. तू माझं ऐकतेस म्हनून लिवतो.

माया हाय, ती कमी नाय.

तुझा मामा,
पोशा


भिसेगाव
१० जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा टोला बरोबर बसला. क्लासात पहिल्याच दिवशी शिकवते की पासवर्ड कुणाला दाखवू नका, आणि बुधी विसरेल म्हणून ओटीवर कोळशानं मीच लिहून ठेवला. चूक माझी. तू चोरी केलीस असं मनातही नाही.

पण मामा, कर्जतला असली तरी बुधी रोज सांजेला दिसेल कशी? ओढा भरला की वाडी चार-चार दिवस तुटते. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे असताना माझा परीक्षेचा पेपर बुडाला, तेव्हा पलीकडे जाता येईना म्हणून ओढ्याकाठी डोक्याला हात लावून तूच बसला होतास. आणि आजारपणाचं म्हणतोस, तर ती शिकायला जाणार ती हॉस्पिटलातच.

तरी तिच्या वतीनं मी काही ठरवलं नाही. परवा ती माझ्याकडे आली, तेव्हा तुझं पत्र तिला शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ती रडली नाही. बानं विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं, एवढंच बोलली. मी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तिला सोडली. तिनं अलिबागचं नाव पहिलं टाकलं. कर्जतचं मी पुसायला सांगत होते, ते तिनं तुझ्यासाठी दुसरं ठेवलं. अर्ज पाठवला, पासवर्ड बदलला आणि लॉगआउट केलं, म्हणजे निघताना दार ओढून घेतलं.

रागावलास तरी चालेल, लोभ मात्र आखडू नकोस. भिंतीवरची अक्षरं पुसायची तर पूस. त्यांनी आता काही उघडत नाही. नवा पासवर्ड मलाही ठाऊक नाही. बुधी तो टाकत होती, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

तुझी,
वनिता