डाव्या खांद्यावरून नेम

देवळाली, ९ नोव्हेंबर १९६९

तीर्थरूप बाबांना पुष्पलताचा छावणीतून नमस्कार.

एनसीसीचं शिबिर छान चाललंय. जेवण पोटभर मिळतं, आईला सांगा.

काल रायफलीचे माझे पाचही नेम चुकले. सुभेदारांनी विचारलं तेव्हा सांगावंच लागलं, की लहानपणी मिठागरावर फावडं लागलं, तेव्हापासून उजव्या डोळ्याला अंधुक दिसतं. कुणाचं फावडं, ते नाही सांगितलं. वाटलं, आता घरी पाठवतील. पण ते म्हणाले, "डावा शाबूत आहे ना? मग बंदूक डाव्या खांद्याला लाव."

आज तशीच लावली. गाल दस्त्याला टेकवला, अर्धा श्वास सोडून रोखला आणि चाप हळूच दाबला. पाचातल्या चार गोळ्या काळ्या वर्तुळात! मग त्यांनी पिस्तूल दाखवलं. त्यात नळीच्या टोकावरचा खुंट तेवढा स्पष्ट दिसायला हवा, निशाण अंधुक दिसलं तरी चालतं. मला हसूच आलं. अंधुक बघायची मला सवयच आहे.

खाडीकाठच्या खारीत भात कापून झालं का? तुमचा खोकला कसा आहे?

बाबा, त्या फावड्याच्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी मान खाली घालूनच बोलता. रविवारी मी येतेय. दारात माझ्या तोंडाकडे बघून हाक मारा.

तुमचीच,
पुष्पलता