कुंपणाकडेचं कुर्डू

तेर, ३ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप लक्ष्मीअक्का यांस, बलभीमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहायला बसलो. माझी ज्ञानेश्वरी गेल्यापासून घरात बोलणं तसंही उरलं नाही. तिनं फडक्यात बांधून ठेवलेल्या डांगराच्या बिया जूनमध्ये लावल्या. लाल भोपळ्याचं हे वाण तिच्या माहेरचं, आता दुसऱ्या कुणाकडंच नाही. वेल दांडगा आलाय, पण एक फळ धरेल तर शपथ. फुलाखालची इवली गाठ पिवळी पडून गळते. अंगणात मधमाशी फिरकतच नाही. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून आपण कुंपणाकडेचं वाळलेलं कुर्डू, रानतुळस सगळं उपटून पेटवलं, तेव्हा माश्या त्याच्याच फुलांवर यायच्या हे कुणाच्या ध्यानात आलं होतं? यंदा फळ धरलं नाही तर तिचं डांगर कायमचं गेलं. मला हे सोसवत नाही, अक्का.

तुमचा बलभीम

परंडा, ११ ऑगस्ट २०२४

चि. बलभीम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कालवला. शेजारचा गौरीशंकर तेरला येतोय, त्याच्याकडं कुर्डू आणि रानतुळशीचं बी दिलंय. ज्वारीसारखं खोल पेरू नकोस. वाळूत कालवून भुसभुशीत मातीवर विस्कट, तळहातानं दाब, वर माती ओढू नकोस. तोवर सकाळी नर फूल मादी फुलाला टेकवून बघ. जमलं तर जमलं.

जन्मभर बांध खुरपून तण काढणारा तू, आता तणच पेरणार, याचं हसूही आलं. रोपं वर आली की तुझा हात शिवशिवेल. तेवढे दिवस खुरपं कुणाकडं तरी देऊन ठेव. आणि रडू आलं तर रडून घे, बाबा. माझी माया आहेच, तू फक्त खुशाली कळवत राहा.

तुझी अक्का

तेर, ८ मार्च २०२५

तीर्थरूप अक्का यांस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बरोबर ओळखलं होतं. रोपं बोटभर झाली आणि एका सकाळी सवयीनं निम्मा वाफा खुरपून टाकला. भान आलं तेव्हा मुळं वर होती. तिथंच बसून रडलो. उरलेल्याला दिवाळीच्या आधी गुलाबी-पांढरे तुरे आले, मग माश्या आल्या. माझ्या हातानं काही साधलं नव्हतं, त्यांनी मात्र वेलाच्या शेंड्याकडं एक फळ धरवलं. एकच. ते वर्षश्राद्धापर्यंत जपलं.

गुडघ्यांमुळं तुम्हाला येता आलं नाही. पाहुणे आले, पण या खेपेला कुंपणाकडेच्या वाळल्या कुर्डूला कुणाला हात लावू दिला नाही.

लेक दीपालीनं भाजीला डांगर मागितलं. आपल्यात डांगराला पहिली चीर गड्यानं द्यायची, मगच बाईनं हात लावायचा. इतकी वर्षं मी चीर द्यायचो आणि विळी ज्ञानेश्वरीकडं सरकवायचो. त्या दिवशीही चीर दिली आणि विळी तिच्या जागेकडं सरकवली. मग माझा हात तसाच राहिला. दीपाली तिथं येऊन बसली.

बिया राखेत घोळून वाळवल्यात. निम्म्या तुम्हाला पाठवतोय. सोबतच्या पुडीत कुर्डूचं बी आहे, ते आधी विस्कटा. धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमचा बलभीम