बेलाची फेरी

५ ऑगस्ट १९७४, सोलापूर

आले एकदाची! मंद्रूपहून एसटी निघाली तेव्हा निम्मा गाव स्टँडवर लोटला होता, जणू मी विलायतेलाच चालले आहे. आप्पांनी ट्रंक टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा ऐकवलं की लेक डॉक्टर व्हायला चाललीया, आणि गाडी हलली तसे तोंड फिरवून उभे राहिले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आता त्यांना भाकरी कोण थापून घालणार, या विचारानं तेरा मैलांपर्यंत माझं रडू काही थांबलं नाही.

वसतिगृहाची खोली मात्र झकास आहे. दोन खाटा, दोन टेबलं, खिडकीत गुलमोहर. सोबतीण विजयमाला, करकंबची. येताना काकवीनं भरलेली बरणी घेऊन आली आहे आणि सगळ्यांना बोटानं चाखवत फिरते. माझी रोजनिशी पाहून म्हणाली, तुझ्याजवळ लिहायला एवढं आहे तरी काय? म्हटलं, होईल की.

निघताना आप्पांनी बेलाच्या फेरीला सांगतात तेच सांगितलं होतं, "फेरी अर्धी टाकायची न्हाई, यशे." पाच वर्षं आहेत. नाही टाकणार.

९ ऑगस्ट

आज डिसेक्शन हॉल. फॉर्मलिनच्या वासानं डोळ्यांतून धारा. आमच्या वाट्याला चौथं टेबल आलं. त्यावर एक म्हातारा, वाळून काष्ठ झालेला, उजव्या हातावर बेलाच्या पानाचं गोंदण. कुठल्या तरी महादेवाच्या दारातला माणूस असणार हा.

हॉलचा शिपाई महादेवप्पा अक्कलकोटकडचा, मराठी बोलतो ती कानडीच्या चालीवर. त्यानं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी, दुष्काळात, हा स्टेशनजवळ पडलेला सापडला. विचारायला कुणी आलं नाही. मग आम्हा सगळ्यांना बजावलं, हात नीट धुवा, चपला बाहेर काढा. "हितलं हितंच ऱ्हावं, बाई. घरी काय बी न्यायचं न्हाई." आम्ही हसलो. घरी नेण्यासारखं आहे काय इथं?

म्हाताऱ्याचं घर कुठलं असेल, हे मात्र जेवताना सारखं मनात येत होतं.

२१ ऑगस्ट

पहिली चाचणी. वीसपैकी चार! बोर्डात बारावा नंबर आलेली मी!

डेमॉन्स्ट्रेटर सरांनी समजावलं, आधी डोळ्यांनी पाहा, मग वाचा, मग दुसऱ्याला सांगा, सांगता आलं नाही तर समजा आलंच नाही. विजयमाला रंगीत खडूंनी फरशीवर शिरा काढते आणि पुसून पुन्हा काढते. मी डोळे मिटून हाडं चाचपते, स्वतःच्या दंडावर बोट ठेवून स्नायूंची नावं घोकते. संध्याकाळी येतं, सकाळी पाटी कोरी. त्यात आज माझी कात्री घसरली आणि म्हाताऱ्याच्या दंडातली रेडियल नर्व्ह तुटली. हीच मनगट वर उचलते. सर चारचौघांत रागावले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ ऑगस्ट, रविवार

सापडली! युक्ती सापडली!

आम्ही गुरव. महादेवाची पूजा आमच्याकडे. दर सोमवारी आमच्या बोळात घरोघर बेलाचं पान पोचवायचं आणि सहा वर्षांची असल्यापासून दुरडी माझ्या डोक्यावर. क्रम ठरलेला: जोतीराम सुतार, मग दगडाबाई, मग बजाबाई, शेवटी आमचं घर. कुठलंही घर वगळायचं नाही. ठेवलेलं पान परत उचलायचं नाही. आणि एखाद्या घराचं दार लावलेलं असलं, तर पान उंबऱ्यावर टाकून यायचं नाही, दुरडी वाहणाऱ्यानं ते आपल्या डोक्यावर घ्यायचं. लहानपणी दारं बंद असावीत म्हणून मी देवाला विनवायचे, कारण मग आप्पा ते पान माझ्या केसांत खोवत आणि म्हणत, "हे तुजं गं."

या चारही घरांतली खुंटी न खुंटी मला पाठ आहे. मग मनातल्या मनात म्हाताऱ्याचा हात जोतीरामच्या घरी का ठेवू नये? आज दुपारी डोळे मिटून दुरडी घेतली आणि निघाले. हाडं त्याच्या फळ्यांवर, स्नायू कोनाड्यात, नर्व्ह खुंट्यांवर. रेडियल दाराआडच्या खुंटीवर, होती तशीच, तुटलेली. एक चक्कर मारली की सगळं पाठ! पायासाठी दगडाबाई, फुप्फुसांसाठी बजाबाई, आणि शेवटी हृदय आमच्या घरी. सगळी सहामाही चार घरांत बसली.

म्हाताऱ्यासाठीही बरं वाटलं. बिचाऱ्याला माझ्या गावात का होईना, घरं मिळाली.

१९ सप्टेंबर

हाताच्या परीक्षेत वर्गात पहिली! विजयमालानं काकवी पाजली. सरांनी विचारलं, पाठ कसं केलंस? मी नुसती हसले.

आप्पांचं कार्ड आलं. पीक बरं आहे, नंदी रंगवला. जोतीरामच्या उजव्या हातावरनं वारं गेलं, रंधा धरता येत नाही. वाईट वाटलं. माझी पहिली पाटी त्यानंच करून दिली होती.

१७ ऑक्टोबर

पायाचीही परीक्षा झाली. पुन्हा पहिली. दगडाबाईच्या घरी जात्यापासून माजघरापर्यंत सायटिक नर्व्ह लांब अंथरली होती, दोरीवर धोतर वाळत घालावं तशी.

कार्ड: दगडाबाई न्हाणीत पडली, पाय उचलत नाही. म्हातारपण, दुसरं काय. पण कार्ड वाचल्यावर मला जेवण गेलं नाही.

५ नोव्हेंबर

फुप्फुसं आज बजाबाईकडे ठेवली. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. फेरीत मी पुढे असते. आज मागून कुणीतरी चाललं होतं. वळून पाहिलं नाही. मनातलंच ते सगळं, त्यात वळून काय पाहायचं?

१४ नोव्हेंबर, मंद्रूप

दिवाळीला घरी आले. आप्पांनी कानोले केले आहेत, वाकडेतिकडे आणि गोड. ते इतके खूश आहेत की मला तोंड उघडवत नाही.

जोतीरामला पाहून आले. हात पुढे केला तर मनगट लोंबतंय. बोटं वाकतात, पण मनगट वर येत नाही. हे नुसतं वारं नव्हे. याचं नाव मला ठाऊक आहे, कुठली नर्व्ह तुटली की असं होतं तेही ठाऊक आहे. ती मी तोडली होती. आणि तुटलेली आणून त्याच्याच दाराआड टांगली होती. तो म्हणाला, "यशवदे, आता तूच लौकर डागदर हो आन् बरा कर बग." मी मान हलवली आणि परसात जाऊन ओकले.

बजाबाईला धाप लागते. माझी आई गेली त्या वर्षी हिनं मला मांडीवर घेऊन ओव्या म्हटल्या होत्या. आज एका ओळीत तीनदा थांबली.

१८ नोव्हेंबर, सोलापूर

सगळं परत आणायचं ठरवलं. दुपारी खोलीत बसून डोळे मिटले, उलट्या क्रमानं निघाले. बजाबाईचं दार ढकललं. आत तो बसला होता. चौथ्या टेबलावरचा. चुलीपुढे, पाटावर, जेवायला बसावं तसा. माझ्याकडे पाहिलंही नाही. कोनाड्यातून फुप्फुसं ओढली, ती निघेनात. ठेवलेलं पान उचलायचं नाही. माझाच नियम.

विजयमाला म्हणते मी मोठमोठ्यानं रडत होते.

२२ नोव्हेंबर

कार्ड. बजाबाई गेली. मंगळवारी सकाळी, भाकरी थापताना.

माझ्यामुळे. हे कुणाला सांगू? बजाबाई, मी तुझ्या घरी मेलेल्याचं वाण आणून ठेवलं गं.

२५ नोव्हेंबर

महादेवप्पाला सांगितलं. तो हसला नाही. हात धुवायच्या नळापाशी मला घेऊन गेला. मग म्हणाला, याला घर न्हाई बाई, तुमी दार दावलात. मी विचारलं, आता काय करू? त्यानं पाण्याचा तांब्या माझ्या पायांवर ओतला, एवढंच.

कॉलेज सोडायचा विचार केला. पण सोडून काय होणार? शिकलेलं विसरता येत नाही. पाय आपोआप चालतात. पुढचं घर आमचं आहे.

पुस्तकातलं हृदयाचं पान उघडणार नाही. नापास झाले तरी चालेल.

२८ नोव्हेंबर

सरांनी आज म्हाताऱ्याच्या छातीतलं हृदय काढलं. मी मागे उभी, डोळे मिटून. मिटायला नको होते. मिटले की बोळ दिसतो —

सरांनी हृदय माझ्याच हातावर ठेवलं. पहिली आलेली मुलगी म्हणून. उजव्या कप्प्याची झडप दाखवली. तीन पाती तिला. सर म्हणाले, कशासारखी दिसते? कुणी काही, कुणी काही. बेलाच्या पानासारखी दिसते.

मनातल्या बोळात ते आमच्या पायरीवर ठेवलं गेलं. मी नाही ठेवलं. आत नाही गेलेलं अजून. पायरीवरच आहे. तो शेजारी उभा आहे.

३० नोव्हेंबर

कार्ड. "छातीत बारीक कळ येतीया. वात आसंल. तू घोर लावून घिऊ नगं, अभ्यास कर. फेरी चुकवीत न्हाई."

आप्पा, सोमवारी दार उघडं ठेवू नका हो. तार करू? काय लिहू तारेत?

दार लावलं पाहिजे. दार लावलेलं असलं की पान वाहणारीच्या —

हो. हो, तेच.

२ डिसेंबर, सोमवार सकाळ

आज व्हायवा, हृदयाची तोंडी परीक्षा. आप्पा आत्ता देवापाशी दुरडी भरत असतील. डोळे मिटून मी आधीच निघते. भीती वाटते. आई असती तर —

जोतीराम. दगडाबाई. बजाबाईकडे अंधार.

आमचं दार उघडं. आप्पा आत, देवापाशी, पाठमोरे. हाक मारली नाही. मारली असती तर जाववलं नसतं. दार ओढून घेतलं. बाहेरून कडी.

आप्पा आतून विचारताहेत, कुणाचं पान ऱ्हायलं गं, यशे?

माझं, आप्पा. हे माझं.

म्हाताऱ्यानं ते पायरीवरून दोन्ही हातांनी उचललं. वाकला. माझ्या केसांत — किती हलक्या हातानं. त्याचीही कुणी लेक असेल.

विजू, आप्पांना कळव, कळ आता थांबेल. म्हणावं, फेरी मी अर्धी नाही —

उजवा वरचा कप्पा. इथं, बरगडीमागं. त्याखाली झडप. तीन पाती. पहिलं मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं