पाच पॉइंट दहा

१ फेब्रुवारी २०१२, सकाळ

नात रुचिता लाखनीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. काल तिने तिथला एक इंग्रजी कागद आणला. वाचून अर्थ सांगितला: आकडे, तारखा, मापे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पद्धतीने लिहावीत. आपल्या घरात कोणतीच पद्धत नाही. मी सातवी पास असलो तरी राईस मिलच्या काट्यावर एकतीस वर्षे बसलेला माणूस आहे.

ठराव: उद्यापासून सर्व आकडे इंग्रजीत. पॉइंटनंतर दोन घरे. अपवाद नाही.

02.02.2012, 6.30 ए.एम.

डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तूर 2.50 किलो. साखर 1.00 किलो. बायकोने, धुरपताने, एक पायली तांदूळ मागितले. म्हटले, पायली बंद, किलोत सांग. ती म्हणाली, तुमीच सांगा, काट्यावर तं तुमीच बसत होते. हिशोबाला बसलो. 1.50 तास लागला. तोवर भात शिजला.

बीपीची अर्धी गोळी घेतली. 0.50.

05.02.2012, 9.00 ए.एम.

मुलगा धर्मेंद्र फॅक्टरीच्या बसने जवाहरनगरला गेला. जाताना रुचिताचा लग्नाचा बायोडाटा देऊन गेला. म्हणाला, बाबा, टायपिंगवाल्याले फक्त द्या, काही करू नका.

वाटेत बाकावर बसून वाचला. वय 24. उंची 5.1. एकाला पॉइंट नाही, दुसऱ्याला पॉइंटनंतर एकच घर. मुलाकडचे काय म्हणतील? पेनाने दुरुस्त केले. वय 24.00. उंची 5.10.

टायपिंगवाला म्हणाला, बाबाजी, पोरगी एवढी उंच आहे काय? त्याला समजावले की शेवटी शून्य लावल्याने किंमत बदलत नाही, हे सातवीचे गणित आहे. त्याने तसेच टाइप केले. शिकलेल्या माणसाचे ऐकावेच लागते.

12.02.2012, 5.15 पी.एम.

विजय! मध्यस्थ तुलाराम आला. मुलगा अश्वजित, वरठी स्टेशनवर नोकरीला. उंची सहा फूट एक. त्याची आई आनंदाबाई, हिने चार मुली बुटक्या म्हणून नाकारल्या. आपला बायोडाटा पाहताच म्हणाली, हेच घर.

व्यवस्थित लिहिण्याचा हा परिणाम. धर्मेंद्रला सांगायचे होते, पण कशाला मोठेपणा.

रुचिताने मुलाचा फोटो तीनदा पाहिला, असे धुरपता म्हणते. माझ्या मोजणीत पाच. नंतर फोटो लॅबच्या वहीत गेला.

19.02.2012, 4 वाजता (घाईत)

पाहुणे आले. रुचिता पाणी घेऊन आली. आनंदाबाईंनी ग्लास घेतला, कौतुकाने पाहिले आणि म्हणाल्या, गोड आहे लहानी. जा माय, तुह्या ताईले बोलाव.

रुचिता म्हणाली, मीच आहो.

आनंदाबाईंनी पर्समधून बायोडाटा काढला. म्हणाल्या, इथं तं पाच फूट दहा इंच लिवलं आहे. धर्मेंद्रने माझ्याकडे पाहिले. मी डब्यांकडे पाहिले. तुलारामने चिवडा संपवला आणि चपला शोधू लागला.

जाताना म्हणाले, कळवतो.

२० फेब्रुवारी

लॅबच्या वहीतला फोटो आता कपाटावर पालथा आहे. रुचिता डबा न घेताच लॅबला गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

शांतपणे विचार केला. चूक टायपिंगवाल्याची. त्याने विचारले होते, पण जोर देऊन विचारले नाही. दुसरी चूक लॅबवाल्यांची, असले कागद घरी कायले पाठवतात. फुटाला बारा इंच ठेवणाऱ्यांचीही आहे. दहा ठेवले असते तर भानगडच नव्हती. माझी चूक 0.50 धरली. धुरपताला सांगितले. ती म्हणाली, अन् उरलेली कोणाची, माह्या बापाची?

गोळी अख्खी घेतली.

बहुतेक गुरुवार

अश्वजितचा फोन आला. आधी धर्मेंद्रला, मग रुचिताला. उंचीची अट आईची होती, त्याची नाही. आईला त्याने तीन दिवसांत मनवले. रुचिता अंगणात जाऊन बोलली. पुष्कळ वेळ. किती ते मोजले नाही.

म्हणजे ते शून्य नसते तर ही माणसे आलीच नसती. हे मी सर्वांना जेवताना सांगितले. धर्मेंद्रने मीठ मागितले.

आनंदाबाईंची एकच नवी अट आहे, लग्नपत्रिका आजोबांनी लिहायची नाही. धर्मेंद्रने लगेच हो म्हटले. लगेच. कॅलेंडर आणि मोजायचा टेप धुरपताने कोठीत ठेवून कुलूप लावले. लग्नात माझ्याकडे फक्त मांडवातल्या पिण्याच्या पाण्याचे काम आहे.

संध्याकाळी रुचिताने हाक मारली. आजोबा, पेन्सिल घेऊन या. दाराच्या चौकटीला टाच टेकवून ती उभी राहिली. मी डोक्यावर वही आडवी धरून खूण केली. तिने कोठीची किल्ली मागून आणली, टेप लावून दिला आणि म्हणाली, आता तुमीच लिवा.

चौकटीवर लिहिले: पाच फूट एक इंच.

अक्षरात.