सकाळची एक बीप

लातूर, फेब्रुवारी २००६

तीर्थरूप मल्लिकार्जुन दाजींना,

सिद्धरामचा शरणार्थ. ताईचा गुडघा आता कसा आहे? दुकानातला नवा नोकर टिकला का? (टिकला नसेल तर मी विचारलं नाही असं समजा.) इकडे सगळे खुशाल. तुमची शिवकन्या क्लासला वेळेवर जाते, पोटभर जेवते, आणि तिच्या अभ्यासासाठी तुम्ही पाठवलेला कॉम्प्युटर आता चालू आहे. त्या 'आता'साठी हे पत्र.

आईचं तुम्हाला माहीत आहे. किल्लारीच्या भूकंपापासून ती स्लॅबखाली झोपलेली नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते, उशाशी तांब्यावर तांब्या पालथा ठेवून, म्हणजे जमीन हलली की तो पडेल आणि जाग येईल. (आजवर तो फक्त मांजरीने पाडला.) घरात न सांगता काही वाजलं की तिच्या लेखी भूकंप. कुकरच्या शिट्टीला तिने दोन वर्षांनी माफ केलं. तुमचा कॉम्प्युटर सुरू होताना एक बीप वाजते. पहाटे शिवकन्येने बटण दाबलं की आई अंगणातून ओरडायची, "भाईर या रे, हालायलंय," आणि पोरीला पुस्तकासकट अंगणात काढायची. सीईटी मे महिन्यात. तुम्ही फोनवर म्हणालात, असंच चालणार असेल तर पोरीला नांदेडला परत नेतो. म्हणून मी ठरवलं, बीपच बंद करायची.

यंत्र सुरू होताना एक बटण धरून ठेवलं की निळा पडदा येतो आणि त्यावर यंत्राच्या पोटातल्या सेटिंगची यादी असते, हे मी शिवकन्येकडून ऐकलं होतं. ती क्लासला गेल्यावर बसलो. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्या इंग्रजी यादीत आवाजाचा शब्द सापडेना. मग आपल्या घरी वीज तपासायची जी रीत आहे ती वापरली. कुठला फ्यूज कशाचा ते कळत नसेल तर एकेक काढून बघायचा. चार-पाच गोष्टी बंद केल्या आणि यंत्राने बदल ठेवू का विचारल्यावर हो म्हटलं. पडदा काळा झाला तो काळाच राहिला. बीप मात्र बंद झाली नाही. एकीच्या जागी चार वाजू लागल्या, एक लांब, तीन आखूड, जरा थांबून पुन्हा त्याच. आई थेट रस्त्यावर. तिच्यामागे आमची सौ. गौरम्मा (तिची पोळी तव्यावर जळली, ती स्वतः माझ्यावर अजून जळते आहे), आणि समोरच्या दुकानातून घड्याळं दुरुस्त करणारे हनीफभाई, डोळ्याला भिंग तसंच.

"सर, क्या छेडा तुमने?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वायर काढली, डबा उघडला आणि आत त्यांना ओळखीचं काही दिसलं: घड्याळात असतो तसा गोल सेल, जरा मोठा. घड्याळ कशानेही बिघडो, आधी सेल काढायचा, ही त्यांची पद्धत. काढला. चहा झाला. सेल परत बसवला, बटण दाबलं. एक बीप, आणि पडदा उजळला. मी केलेलं सगळं यंत्र विसरलं होतं.

आई दारात उभी होती. म्हणाली, "हनीफ, मला बी असा सेल हाय का बघ रे."

"अम्मा, तुमचा मॉडेल जुना. सेल न्हाई, चावी हाय."

संध्याकाळी शिवकन्येने आजीला समजावलं की यंत्र जागं होताना स्वतःला तपासतं. सगळं जागेवर असलं तर एकदा वाजतं, बिघडलं असलं तर जास्त. आईने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजी एकदा वाजलं तर घर नीट हाय?" पोरगी म्हणाली, "हाव, आजी." (हे खरं नाही, एवढं विज्ञान मलाही कळतं.) दुसऱ्या पहाटे आई ओरडली नाही.

ताईला सांगा, मुलगी अभ्यासाला लागली आहे.

तुमचा
सिद्धराम

ता. क. तेव्हा पोरीला परत न्यायचं कारण उरलेलं नाही.

ता. क. आणखी एक. आई आता स्लॅबच्या खोलीत झोपते, कॉम्प्युटरशेजारी. बीप ऐकल्याशिवाय उठत नाही. तांब्या शेडमध्येच आहे, मांजरीसाठी. सीईटी झाली की शिवकन्येला घेऊन जा, ती तुमची आहे. कॉम्प्युटर मात्र इथेच राहू द्यावा, ही विनंती. पुढे त्याच्या पडद्यावर काही उमटलं नाही तरी चालेल. सकाळी एकदा वाजला की पुरे.