कपिलेचा वाफारा

राजाजीनगर, बेंगळुरू
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
वसुमतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. आमच्या प्रयोगशाळेत सध्या सशांवर काम चाललंय. फुप्फुसात जंतू वाढू नयेत म्हणून काहींना अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतो, काहींना तेच औषध मास्कमधून हुंगायला देतो. हुंगलेलं औषध थेट फुप्फुसात जातं, सुई टोचावी लागत नाही. दोन्हींत सरस कोणतं, ते अजून ठरायचंय. घरमालकीण गंगव्वा अक्का मला सशांची नर्स म्हणतात.

कपिलेचं पोट फुगलं म्हणून तेल पाजलंत आणि तिला ठसका लागला, हे वाचून काळजी वाटली. तेल फुप्फुसात उतरलं असेल तर न्यूमोनिया होईल. डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं चुकवू नका. आईची गाय आहे ती.

माया असू द्यावी.
तुमची वसू

निपाणी
१३ जानेवारी

चि. वसूस अनेक आशीर्वाद.

कपिला काल गेली. डॉक्टर औषधाच्या बाटल्या ठेवून गेले होते, कंपाउंडर महांतेश टोचायला आला होता. मी त्याला परत पाठवलं. तुला लहानपणी ओव्याचा वाफारा द्यायचो, तसं घंगाळात उकळतं पाणी घेऊन त्यात ते औषध ओतलं आणि तिच्या डोक्यावर घोंगडं धरलं. बिचारी शहाण्यासारखी उभी राहिली. मला वाटलं, साधलं. मग ती धापा टाकू लागली. डॉक्टर धावत आले, पण उशीर झाला होता. अशा वाफेतून औषध पोचत नाही म्हणाले.

तुझं पत्र मी नीट वाचलं होतं, बाळ. पण शेवटच्या आजारात तुझ्या आईच्या हातावर सुईला जागा उरली नव्हती. दर वेळी ती माझ्याकडे बघायची. महांतेशने सुई काढली तशी कपिलाही बघायला लागली. मला धीर झाला नाही.

तुझा, अप्पा

राजाजीनगर
१८ जानेवारी

तीर्थरूप अप्पा,
सा. न.

पत्र वाचून खूप रडले. तुमच्यावर राग नाही. हुंगायच्या औषधाला वेगळं यंत्र लागतं, हे मी लिहायला हवं होतं.

प्रयोगशाळेत सशांना सुई मीच टोचते. त्याआधी एका हाताने त्यांचे डोळे झाकते. सगळ्यांना वाटतं, ससा घाबरू नये म्हणून. खरं कारण तुम्हालाच कळेल.

पुढच्या शनिवारी येतेय. तोवर गोठ्यात एकटे जाऊ नका, जेवण टाळू नका.

तुमचीच,
वसू