आगबोटीवरचा शेवटचा हात

४ ऑगस्ट ८४
बोट झाली एकदाची. मालवणला जाणारी आपली जुनी आगबोट, हातभर लांब, सागवानी. लाकूडकाम ह्यांचं. रंग, कठडे, गोल खिडक्या माझ्या. आता रंगावर लॅकरचा शेवटचा हात राहिला. तोही दरवर्षीच्या नव्या बोटीला मीच देते. ह्यांचा हात जड, ओघळ राहतात.
लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी गेले ती असल्याच बोटीने. मला बोट लागली, तर हे लिंबू धरून शेजारी बसून राहिले. तो माणूस कुठे गेला?

७ ऑगस्ट
मंडळाचे सेक्रेटरी साळवी आले. गणपतीत हॉलमध्ये प्रदर्शन, आमची बोट मधल्या टेबलावर. गेल्या वर्षीचा मचवा कपाटावर आहे, तो बघून म्हणाले, "काका, आख्ख्या मुलुंडात असं काम नाही! ही चकाकी कशी आणता हो?"
हे म्हणाले, "ता काय, ही मारता वॉर्निश. बुटाक पॉलिश मारतत तसा."
दोघं हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी.
साळवींनी बोटीपुढे ठेवायचं कार्ड लिहूनच आणलं होतं. कारागीर म्हणून ह्यांचं एकट्याचं नाव. दरवर्षीसारखं.

८ ऑगस्ट
बोलले शेवटी. "कार्डावर माझंही नाव घाला."
"गो, वॉर्निश मारणाऱ्याचा नाव कोण घालता?"
"मग या खेपेला तुम्हीच मारा."
"मारतंय! त्यात काय मोठा?"
मिशनच्या शाळेत सिस्टर बिनसहीचं चित्र परत करायच्या. "कुसुम! नेम, चाइल्ड, नेम!" खाली उजव्या कोपऱ्यात नाव, मगच मार्क. तेव्हा वाटायचं, जगात सगळीकडे असंच असणार.

१२ ऑगस्ट
सकाळपासून झड. पापड मऊ, मिठाला पाणी सुटलेलं. असल्या दमट हवेत लॅकर लावायचं नसतं, पांढरं पडतं. ह्यांनी खिडकी सताड उघडी ठेवून लावलं. मी वाल सोलत होते. बोलले नाही. बुटाला पॉलिश करताना हवा कोण बघतं?
दुपारी बोटीचं काळं अंग साय धरल्यासारखं. खिडक्या दिसेनात.
"ह्या काय झाला गो?" एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.
वाईट वाटलं. राग मात्र तिथेच.

१६ ऑगस्ट
साळवी जिन्यातूनच ओरडले, "काका, बोट कधी आणताय?" हे म्हणाले, "अजून सुकूक नाय." धडधडीत खोटं.
मग माझ्याकडे न बघता, "तुका सारका करूक येतला?"
येतं. कोरडं ऊन हवं, मग थिनरचा एकच हलका हात. साय विरघळते, खालचा रंग शाबूत.
"येतं," म्हटलं. "आणि कार्ड?"
पेपर उघडून बसले.

२० ऑगस्ट
आज ऊन. प्रदर्शनाआधी असं पुन्हा पडेल, न पडेल.
हे सकाळीच साळवींकडे जाऊन नवं कार्ड घेऊन आले. पहिल्या ओळीत ह्यांचं नाव. खाली, ह्यांच्याच अक्षरात : 'सौ.च्या सहकार्याने'.
"घातलंय बघ." चेहरा असा खुललेला, की ओरडायलाही जमेना.
"सौ.ला नाव आहे."
"अगो, सौ. म्हणजे तूच ना! सगळ्यांका म्हायती आसा."
इतक्या वर्षांत ह्यांनी मला 'गो' शिवाय हाक मारलेली आठवत नाही.
बोट गॅलरीत आणून ठेवली आहे. पांढरी, आजारी दिसते. कार्ड आणि ह्यांचं पेन ह्यांच्या आरामखुर्चीच्या हातावर ठेवलं. कार्डावर खाली जागा पुष्कळ आहे. हे दोन्ही हातांत पेपर धरून बसलेत, पान उलटत नाहीत.
थिनरची बाटली बंदच आहे. ब्रश कोरडा, या वहीशेजारी.
गॅलरीत ऊन चारपर्यंत असतं.